दुष्काळाचे कागद व विठ्ठल सखाराम पागे

(१)

महाराष्ट्राच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे रुमालांत बांधलेलीं मोडी दप्तरें, सनदा, महजर, करीने व शकावल्या हींच आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात, आणि तें साहजिकच आहे. अशा वाचकांपुढें विसाव्या शतकांतील एका राजकारणी पुरुषाचें चरित्र आम्ही मांडीत आहों, याचें कित्येकांस नवल वाटेल. ज्यांना प्रत्यक्ष पाहिलेलीं माणसें अद्याप हयात आहेत, त्यांचा इतिहास कसला, असाही आक्षेप येईल. म्हणून कारण आरंभींच सांगतों.

विठ्ठल सखाराम पागे हे १९६० पासून १९७८ पर्यंत महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापति होते. रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून त्यांचें नांव प्रसिद्ध आहे, आणि त्या योजनेचें आर्थिक मूल्यमापन पुष्कळ विद्वानांनीं केलें आहे. आमचा हेतु निराळा आहे. दुष्काळासंबंधीं जे जे कागद आपल्या देशांत झाले, त्यांच्या परंपरेंत पागे यांच्या कामगिरीनें एक मोठें स्थित्यंतर घडविलें. आणि तें स्थित्यंतर जुन्या कागदांची ओळख असलेल्या मनुष्यास जितकें स्पष्ट दिसेल, तितकें इतरांस दिसणार नाहीं. दुष्काळाचा जुना कागद धन्यानें रयतेस दिलेला असे, किंवा एका अंमलदारानें दुसऱ्या अंमलदारास लिहिलेला असे. रयतेचे अर्जही होते. परंतु त्या अर्जास अमुक दिवसांत उत्तर दिलेंच पाहिजे, असें बंधन कोणावर नव्हतें. पागे यांच्या प्रयत्नांतून जो कायदा झाला, त्यानें मजुराच्या अर्जावरील मितीस अर्थ आणला. त्या मितीपासून सरकारची मुदत सुरू होऊं लागली. एवढें एकच प्रमेय प्रस्तुत लेखांत सिद्ध करावयाचें आहे, आणि त्यासाठीं जतच्या मुलुखापासून प्रारंभ करणें सोयीचें आहे.

(२)

जत तालुका सांगली जिल्ह्याच्या अगदीं पूर्वेस आहे. उत्तरेच्या अंगास सांगोलें व मंगळवेढें, पूर्वेस विजापूरचा मुलूख, दक्षिणेस अथणी, अशी त्याची सीमा. मराठी व कानडी या दोन्ही भाषा येथें घरोघर चालतात. सह्याद्रीच्या शिखरांवर पावसाळी ढग रिते होऊन इकडे येतात, त्यामुळें हा सर्व प्रदेश पर्जन्यछायेंत पडतो. त्याच जिल्ह्याच्या पश्चिमेस शिराळ्याकडे हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडत असतां, जत-आटपाडीकडे तो सरासरीनें ५०० मिलिमीटरांच्या आसपास पडतो, आणि तोही वेळेवर पडेल असा भरंवसा नसतो. बाजरी-ज्वारीचें पीक, माडग्याळची मेंढी व खिलार जनावर यांवर येथील संसार चालत आला.

या भूमींत पाण्याची किंमत काय, हें इतिहासानेंही नोंदविलें आहे. १६७३ सालीं याच तालुक्यांतील उमराणीजवळ प्रतापराव गुजरांनीं बहलोलखानाच्या फौजेस पाण्यापासून तोडलें, आणि तहानेनें व्याकुळ झालेली ती फौज शरण आली. पुढें खानास सोडून दिल्याबद्दल शिवाजी महाराजांचा प्रतापरावांवर रोष झाला, ही हकीकत वाचकांस ठाऊकच आहे. येथें घ्यावयाचें तें इतकेंच कीं, इतर ठिकाणीं जें काम तोफांनीं व्हावें, तें या मुलुखांत एका पाणवठ्याच्या नाकेबंदीनें झालें.

डफळे घराण्याकडे या प्रांताची देशमुखी विजापूरच्या आदिलशाहीपासून चालत आली. त्यांचें मूळ गांव डफळापूर याच तालुक्यांत आहे. १८२० सालीं साताऱ्याच्या जहागीरदारांशीं इंग्रजांनीं जे तह केले, त्यांत जतकरांचाही तह आहे. साताऱ्याचें राज्य खालसा झाल्यावर जत संस्थान प्रत्यक्ष इंग्रजांच्या सत्तेखालीं आलें, आणि ८ मार्च १९४८ रोजीं दक्षिणी संस्थानांबरोबर मुंबई प्रांतांत विलीन झालें. १९४९ सालीं सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले. जत दक्षिण सातारा जिल्ह्यांत गेलें, व १९६० सालीं त्या जिल्ह्यास सांगली हें नांव मिळालें. राज्यें बदललीं, जिल्ह्यांचीं नांवें बदललीं. पाऊस मात्र पूर्वींसारखाच राहिला.

(३)

दुष्काळांत राज्यकर्त्यानें काय करावें, याविषयीं आपल्याकडे सर्वांत लोकप्रिय अशी कथा जतच्या शेजारींच घडलेली आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं बेदरच्या बादशहाचीं धान्याचीं कोठारें दुष्काळांत लोकांस खुलीं केलीं, बादशहाचा कोप झाला, आणि विठ्ठलानें विठू महाराचें रूप घेऊन बेदरास जाऊन धान्याची रक्कम भरली व पावती आणली, अशी परंपरा सांगते. कथेचा ऐतिहासिक भाग किती, हा प्रश्न येथें अप्रस्तुत आहे. संशोधकानें लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, या भक्तिकथेच्या केंद्रस्थानीं एक कागद आहे. तो कागद उपाशी मनुष्याच्या हातीं नाहीं. तो बादशहा व त्याचा कारकून यांच्यामधील हिशेबाचा कागद आहे. उपाशी मनुष्यास धान्य मिळालें, तें दामाजीपंत दयाळू होते म्हणून. त्यांच्या जागीं दुसरा असता तर कोठार बंदच राहिलें असतें, आणि त्याविरुद्ध दाद मागावयास कागद नव्हता.

यापुढची पायरी म्हणजे राज्याचें धोरण या नात्यानें दिलेली मदत. तिचा उत्कृष्ट नमुना म्हणजे प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास शिवाजी महाराजांनीं १६७६ सालीं पाठविलेलें पत्र. गांवोगांव फिरून कुणबी गोळा करावे, ज्यास बैल नाहीं त्यास बैल द्यावा, ज्यास दाणा नाहीं त्यास दाणा द्यावा, आणि मुद्दल तेवढें त्याच्या कुवतीप्रमाणें हळूहळू उगवून घ्यावें, असा त्याचा आशय आहे. पेशवाईच्या दप्तरांत तगाई, सूट, कौल व इस्तावा यांचे जे असंख्य कागद आढळतात, ते याच जातीचे. ओसाड पडलेल्या गांवीं रयत परत यावी म्हणून कौल द्यावा, पहिल्या वर्षीं थोडा वसूल घ्यावा व पुढें चढता घ्यावा, ही पद्धत शहाणपणाची होती. परंतु तिचें अधिष्ठान जमीन व जमाबंदी हें होतें. ज्याच्यापाशीं जमीन नाहीं, ज्याच्याकडून सारा यावयाचा नाहीं, अशा मजुराचें नांव या कागदांत क्वचितच येतें. तो गांव सोडून गेला तर त्याची नोंद परागंदा या एका शब्दांत होते.

(४)

इंग्रजी अमदानींत १८७६ पासून १८७८ पर्यंत पडलेल्या दुष्काळानें दख्खन व कर्नाटक होरपळून निघालें. विजापूरकडील, म्हणजे त्या वेळच्या कलादगी जिल्ह्याचा भाग त्यांत फारच पोळला. सरकारनें कामें काढलीं. परंतु १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यांनीं खर्च आटोक्यांत ठेवण्यासाठीं मजुरी खालीं आणली, ती इतकी कीं प्रौढ पुरुषास रोज एक पौंड धान्य व एक आणा. मुंबई इलाख्यांत त्या वेळीं हजारों मजुरांनीं कामें सोडलीं. उपासमार समोर दिसत असतांही त्यांनीं कमी मजुरीवर राबणें नाकारलें, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. मजुरांच्या सामुदायिक नकाराचें इतकें मोठें उदाहरण त्यापूर्वींच्या आमच्या इतिहासांत विरळा.

या दुष्काळानंतर १८८० चें फॅमिन कमिशन झालें, आणि त्याच्या शिफारशींवरून निरनिराळ्या प्रांतांचे फॅमिन कोड तयार झाले. या कोडाची योग्यता कमी लेखूं नये. दुष्काळाचीं चिन्हें कोणतीं, चांचणी कामें केव्हां काढावीं, मजुरी कशी ठरवावी, अशक्तांस फुकट अन्न कसें द्यावें, याची व्यवस्था प्रथमच लेखी व क्रमवार झाली. परंतु कोड म्हणजे सरकारनें आपल्या अंमलदारांस दिलेल्या सूचना. दुष्काळ पडला आहे असें सरकारनें ठरविल्यावांचून कोड लागू होत नसे, आणि तें ठरविणें सर्वस्वीं सरकारच्या इच्छेवर होतें. १८९६-९७ च्या दुष्काळांत सार्वजनिक सभेच्या प्रचारकांनीं व टिळकांनीं या कोडांत काय लिहिलें आहे हें रयतेस समजावून सांगण्याचा उद्योग आरंभिला. सरकारास तो इतका अप्रिय झाला कीं १८९७ सालीं सभेची मान्यता काढून घेण्यांत आली. सरकारनें स्वतःच छापलेला कागद रयतेस वाचून दाखविणें हा अपराध ठरला, यावरूनच तो कागद रयतेच्या हक्काचा मानला जात नव्हता हें सिद्ध होतें.

(५)

आतां मुख्य पुरुषाकडे वळूं. पागे यांचा जन्म २१ जुलै १९१० रोजीं वाळवें तालुक्यांतील बागणी या गांवीं झाला. हा तालुका तेव्हां सातारा जिल्ह्यांत होता, आज तो सांगली जिल्ह्यांत आहे. कृष्णा-वारणेच्या कांठचा हा काळ्या सुपीक जमिनीचा भाग. दुष्काळाचा प्रश्न सोडविण्यास निघालेला मनुष्य पाण्याच्या कांठीं जन्मला, हा योगायोग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. कारण एकाच जिल्ह्यांत पश्चिमेस ऊस व पूर्वेस उजाड माळ हें चित्र त्यांच्या डोळ्यांपुढें नित्य असणार. त्यांची निष्ठा गांधीजींच्या मार्गावर होती. स्वातंत्र्याच्या चळवळींत त्यांनीं कारावास भोगला. संतवाङ्मयाचा त्यांचा व्यासंग सर्वश्रुत होता. काँग्रेस पक्षांत राहून ते विधिमंडळांत गेले, आणि महाराष्ट्र राज्य झालें त्याच वर्षीं, १९६० सालीं, विधान परिषदेचे सभापति झाले.

या पदाचें स्वरूप नीट समजून घेतलें पाहिजे, म्हणजे पुढील कामगिरीचें नवल कळेल. सभापतीच्या हातीं खातें नसतें, तिजोरी नसते. सभागृहांत त्यानें पक्ष घ्यावयाचा नसतो. इतरांचीं भाषणें ऐकणें व नियम सांभाळणें हेंच त्याचें कार्य. अठरा वर्षें अशा आसनावर बसलेल्या मनुष्याकडून राज्याच्या अंदाजपत्रकांतील एका मोठ्या योजनेचा उगम व्हावा, ही गोष्ट आमच्या विधिमंडळाच्या इतिहासांत अपूर्व म्हटली पाहिजे. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्याशीं पागे यांचा विचारविनिमय होता, आणि नाईक यांनीं या कल्पनेस आश्रय दिला, हें त्यांच्याही पदरीं श्रेय घातलें पाहिजे.

१९६५ सालीं तासगांव तालुक्यांत, विसापूरच्या परिसरांत, या कल्पनेचा प्रयोग झाला. त्या वेळीं ती स्वतंत्र योजना नव्हती, शेतीच्या सर्वांगीण सुधारणेच्या कार्यक्रमांतील एक कलम होती. विचार सरळ होता. जमिनीस बांध नाहींत, विहिरींस पाणी नाहीं, ओढ्यांतून पावसाचें पाणी वाहून जातें. आणि त्याच गांवांत धडधाकट माणसें कामावांचून बसलेलीं आहेत. या दोन उणीवा एकमेकींस जोडल्या तर दोन्ही भरून निघतील. काम मागणाऱ्यास काम द्यावें, व तें काम असें असावें कीं पुढच्या दुष्काळाची धार त्यानें थोडी बोथट व्हावी. यांत दान नाहीं, आणि निरुपयोगी खडी फोडून घेणेंही नाहीं.

(६)

प्रयोग चालू असतांच १९७० पासून १९७३ पर्यंतचा घोर दुष्काळ आला. १९७२ सालीं योजना राज्यभर नेण्याचें ठरलें होतें. परंतु दुष्काळाच्या तातडीपुढें ती बाजूस ठेवून जुन्या पद्धतीचीं टंचाईचीं कामें सर्वत्र काढावीं लागलीं. मे १९७३ मध्यें सुमारें ५० लाख माणसें या कामांवर होतीं. जत, आटपाडी, सांगोलें, मंगळवेढें या पट्ट्यांत त्या सालाची आठवण अद्याप ताजी आहे. परदेशांतून आलेला तांबडा मिलो, मुलांस मिळणारी सुकडी व खडीचे ढीग यांविषयीं वृद्ध माणसें आजही बोलतात. इतका मोठा दुष्काळ पडूनही पूर्वींसारखा मनुष्यसंहार झाला नाहीं, याचें मुख्य कारण हीं कामें होत, असें अभ्यासकांचें मत आहे.

दुष्काळ सरल्यावर सरकारें बहुधा विसरतात. येथें तसें घडलें नाहीं, आणि यांतच पागे यांच्या चिकाटीची परीक्षा झाली. १९७४ पासून योजना पुन्हा मार्गास लागली. तिच्या खर्चासाठीं स्वतंत्र कर बसविण्यांत आले. पगारदार व व्यावसायिक यांजवरील व्यवसाय कर १९७५ सालचा आहे. त्याखेरीज विक्रीकर, मोटारी, बागाईत जमीन इत्यादिकांवर अधिभार बसले, आणि या करांचें जेवढें उत्पन्न होईल तेवढीच रक्कम सरकारनें आपल्याकडून घालावी असें ठरलें. मुंबईच्या पेढींत बसणाऱ्या कारकुनाच्या पगारांतून कापलेला पैसा जतच्या माळावर बांध घालणाऱ्या बाईस मजुरी म्हणून पोंचूं लागला. जुन्या काळीं खेड्यांतील वसूल शहराकडे जाई. येथें प्रवाह उलटा वळला.

शेवटीं १९७७ सालीं विधिमंडळानें महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम संमत केला, व तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलांत आला. त्याचा सारांश असा. ग्रामीण भागांतील कोणीही प्रौढ मनुष्य अंगमेहनतीचें काम करण्यास तयार असेल व त्यानें तें मागितलें, तर मागणीपासून पंधरा दिवसांच्या आंत त्यास काम द्यावयाचें. तें देतां आलें नाहीं, तर बेकारी भत्ता द्यावयाचा. त्याचें किमान मान त्या वेळीं रोज एक रुपया होतें. खर्चाचा मोठा भाग, म्हणजे शेंकडा ६० तरी, मजुरीवरच पडला पाहिजे. कामें उत्पादक असावीं. पाझर तलाव, नाला-बांध, जमिनीचे बांध, विहिरी, झाडें, रस्ते. मजुरी कामाच्या मोजमापावर, आणि स्त्रियांस व पुरुषांस दर एकच. वर्षांत किती दिवस काम मागावें यास मर्यादा नाहीं.

या कलमांत 'पंधरा दिवस' हे दोन शब्द आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचे आहेत. दामाजीपंतांच्या कथेंत, महाराजांच्या पत्रांत, पेशवाईच्या कौलांत व इंग्रजांच्या कोडांत जें नव्हतें, तें येथें आहे. दुष्काळ पडला आहे कीं नाहीं, हें आतां सरकारनें ठरवावयाचें राहिलें नाहीं. ज्याच्या घरीं चूल पेटत नाहीं तो मनुष्य स्वतःच्या पायांनीं येऊन काम मागतो, हाच दुष्काळाचा पुरावा. त्याच्या मागणीवर पडलेली मिती म्हणजे मुदतीचा आरंभ. मिती नसलेल्या पत्रावरून अनुमान बांधतांना संशोधकाची काय त्रेधा उडते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्या मजुराच्या दृष्टीनें तर मिती नसलेला अर्ज म्हणजे कोरा कागद.

(७)

ही गोष्ट किती दुर्मिळ होती, हें पाहण्यासाठीं थोडें परदेशाकडे पाहिलें पाहिजे. अमेरिकेंत १९२९ नंतर जी भयंकर बेकारी आली, तिच्यावर अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीं सार्वजनिक कामांचा उपाय योजिला. १९३५ सालीं सुरू झालेल्या त्यांच्या खात्यानें १९३८ मध्यें ३० लाखांहून अधिक माणसांस काम दिलें होतें. रस्ते, पूल, शाळा यांबरोबरच जुन्या दप्तरांच्या याद्या करण्याचें कामही त्या खात्यानें बेकार सुशिक्षितांस दिलें, हें आमच्या वाचकांस रुचेल. तथापि हीं कामें सरकारच्या मर्जीचीं होतीं. काम मिळावयाचें तें जागा व पैसा असेल तेवढ्यांसच. आणि १९४३ सालीं तें खातें बंद झालें. जानेवारी १९४४ मध्यें रूझवेल्ट यांनीं उपयुक्त काम मिळण्याचा हक्क हा नागरिकांच्या नव्या हक्कांत पहिला म्हणून सांगितला. १९४५ सालीं सेनेटर जेम्स मरी यांनीं त्या अर्थाचें विधेयक मांडलें. परंतु १९४६ सालीं त्याचा कायदा होऊन बाहेर पडला, तेव्हां त्यांतून हक्काची भाषा गळून गेलेली होती. जगांतील सर्वांत धनाढ्य देशाचा सर्वांत बलाढ्य पुढारी जें कायद्याच्या कागदावर आणूं शकला नाहीं, तें खेड्यांतील मजुरांपुरतें कां होईना, एका प्रांतिक विधिमंडळाच्या सभापतीच्या खटपटीनें महाराष्ट्रांत आलें. भारताच्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमांत कामाच्या हक्काचा उल्लेख आहे खरा; पण तें मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याच्या आधारें न्यायालयांत दाद मागतां येत नाहीं. त्या तत्त्वास मुदत व भत्ता यांची जोड देऊन तें व्यवहारांत उतरविण्याचें काम या अधिनियमानें केलें.

चरित्रनायकाच्या स्तुतींत दोष झांकणें हें संशोधकास शोभत नाहीं. योजनेंत खोट्या हजेऱ्या झाल्या. मेलेलीं व गांव सोडून गेलेलीं माणसें कागदोपत्रीं खडी फोडीत राहिलीं. मजुरी आठवडे आठवडे थकली. कांहीं बांध पहिल्याच पावसांत वाहून गेले. बेकारी भत्ता तर फारच थोड्यांच्या हातीं पडला. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धांत वर्षास दहा कोटींहून अधिक मनुष्यदिवस काम होत असे. १९८८ सालीं मजुरीचे दर जवळजवळ दुपटीनें वाढल्यावर कामांची संख्याच आंखडती झाली, व हक्क असूनही काम मिळेना असें अनेक ठिकाणीं घडलें. जत तालुक्याची तहान तर या योजनेनें भागली नाहींच. म्हैसाळ उपसा सिंचनाचें पाणी आपणांस मिळत नाहीं म्हणून सुमारें चाळीस गांवांनीं कर्नाटकांत जाण्याचे ठराव २०१२ सालीं केले, आणि तो विषय २०२२ मध्यें पुन्हा गाजला. हे ठरावही दुष्काळाच्या कागदांच्या मालिकेंत ठेवण्यासारखेच आहेत.

परंतु दोषांची ही यादीच आमचें प्रमेय बळकट करते. खोटी हजेरी पकडतां आली, कारण हजेरीचा कागद होता. भत्ता मिळाला नाहीं अशी तक्रार करतां आली, कारण मागणीस मिती होती. जेथें हक्कच नसतो, तेथें त्याचा भंग झाल्याची नोंद कोण ठेवणार? १८७७ सालीं काम सोडून गेलेल्या मजुरांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत. त्यांची संख्या तेवढी अंमलदारांच्या कागदांत शिल्लक आहे. रोजगार हमीच्या हजेरीपत्रकांत मात्र भूमिहीन बाई आपल्या नांवानें येते. तिचें गांव, तिचे कामाचे दिवस, तिनें खणलेल्या मातीचें मोजमाप, तिला मिळालेले पैसे आणि शेवटीं तिच्या आंगठ्याचा ठसा, हें सर्व एका ओळींत येतें. वतनदाराचा करीना जसा त्याच्या घराण्याचा इतिहास, तशी ही ओळ तिच्या घराण्याचा इतिहास आहे. बहुधा त्या घराण्याचा तोच पहिला लेखी पुरावा असेल.

(८)

पागे १९७८ सालीं सभापतिपदावरून निवृत्त झाले, व १६ मार्च १९९० रोजीं त्यांचें निधन झालें. त्यानंतर पंधरा वर्षांनीं, २००५ सालीं, संसदेनें ग्रामीण कुटुंबास वर्षांत शंभर दिवस कामाची हमी देणारा कायदा केला, तेव्हां महाराष्ट्राच्या या अधिनियमाचाच अनुभव त्याच्या पाठीशीं होता. तासगांवच्या एका कोपऱ्यांतील प्रयोग चाळीस वर्षांत देशाचा कायदा झाला.

आतां शेवटची व आमच्या मतें सर्वांत निकडीची गोष्ट. महसुली दप्तराची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. अ वर्गाचे कागद कायम ठेवतात, खालच्या वर्गांचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतात. सनद, हक्कनोंद, नकाशा यांस संरक्षण आहे. हिशेब तपासून झाल्यावर हजेरीपत्रकाची कोणास गरज उरत नाहीं. १९६५ चा तासगांवचा प्रयोग, १९७२-७३ चीं टंचाईचीं कामें व १९७९ नंतरचीं पहिलीं वर्षें, यांचे कागद आज चाळीस ते साठ वर्षांचे झाले आहेत. इतक्या वयाच्या मोडी कागदांचें शंभर वर्षांपूर्वीं काय झालें, हें आमच्या वाचकांस माहीत आहे. वाण्याच्या दुकानीं पुड्या बांधण्यासाठीं गेलेल्या दप्तरांविषयीं आपण आजही हळहळतों. त्या वेळच्या लोकांनाही तो कागद कालचाच वाटत होता.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, त्यांनीं सनदा व बखरी यांचा शोध करतांना या कागदांकडेही दृष्टि ठेवावी. जत, कवठें महांकाळ, आटपाडी, सांगोलें, मंगळवेढें या पट्ट्यांत जुन्या मुकादमांच्या, तलाठ्यांच्या व ग्रामसेवकांच्या घरीं पेट्यांतून हजेरीपत्रकांच्या स्थळप्रती, मोजमापाचीं पुस्तकें, कामाच्या मागणीचे नमुने, तळ्यांचे हातांनीं काढलेले नकाशे पडलेले असण्याचा संभव आहे. मजुरांच्या घरीं ओळखपत्रें असतील. हे कागद मिळाल्यास ते जसेच्या तसे, क्रम न मोडतां, कोणाच्या घरून व केव्हां मिळाले ही नोंद करून ठेवावे. घरधनी मूळ कागद देण्यास नाखूष असेल तर त्याची प्रतिमा घ्यावी, व मूळ कागद त्याच्याच घरीं कोरड्या जागीं ठेवावयास सांगावें. या कागदांत हयात माणसांचीं नांवें व ठसे आहेत. तेव्हां ते प्रसिद्ध करण्यापूर्वीं त्यांची संमति घेणें आवश्यक आहे. मोडी दप्तरांच्या संशोधकांवर हें बंधन नव्हतें, आमच्यावर आहे.

पागे यांच्यापूर्वींही दयाळू पुरुष झाले, शहाणे राजे झाले, शिस्तीचे अंमलदार झाले. त्यांची दया, शहाणपण व शिस्त त्यांच्या कागदांत शिल्लक आहे, आणि तो वारसा जपणें हें आपलें कर्तव्य आहे. पागे यांनीं कागद उपाशी मनुष्याच्या हातीं दिला व त्यावर मिती घालावयास लावली. तो कागद हरवूं न देणें हें काम आतां आपल्याकडे आलें आहे.